गेणूसारखा

निरगुडसर
१० नोव्हेंबर २०२४

तेजूताई,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर मेसेज वाचल्याची खूण येत नाही. म्हणून मेलवर लिहितोय, मेल तरी तू ऑफिससाठी उघडत असशील. उत्तर द्यायचं की नाही ते तुझं तू बघ.

इकडं सगळं ठीक आहे. कांद्याची लागण चालू आहे, ऊसतोडीवाले आलेत, ओढ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या पडल्यात. वरच्या आळीतली एक शेळी बिबट्यानं नेली, तेव्हापासून आई मला दिवस मावळायच्या आत ओट्यावरून घरात घेते. अण्णा तिला म्हणाले, "अगं, त्याच्या अंगाव मांस हाये का? बिबट्या बघून म्होरं जाईल." मी हसलो. आई नाही हसली.

तू भाऊबीजेला न ओवाळता गेलीस. पाट मांडलेला होता, मी नवा शर्ट घालून खुर्चीत बसलेलो होतो. दाजींनी गाडी काढली तेव्हा मला वाटलं, वाटेतल्या मोशीच्या ट्रॅफिकमुळं तुम्ही लवकर निघालात. स्वयंपाकघरात तुम्हा मायलेकींचं काय झालं ते मला माहीत नाही. मी टीव्ही बघत होतो, आवाज मोठा होता. आईनं नंतर एवढंच सांगितलं की तुला दिवस गेलेत.

मी मामा होणार हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं, याचा थोडा राग आहे. थोडाच.

माझी तब्येत चांगली आहे. तू तुझी जप.

भरत


२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझा मेल मिळाला. "टीव्ही बंद होता, भरत. लाइट गेली होती."

खरं आहे. लाइट गेली होती आणि मी सगळं ऐकलं.

तुझ्या रक्ताच्या तपासणीत आलंय की आईच्या घराण्यातला स्नायू झिजवणारा दोष तुझ्यातही उतरलाय. तुला स्वतःला त्याचा काही त्रास नाही. मुलगी झाली तर तीही आजारी पडणार नाही. मुलगा झाला तर मात्र तो माझ्यासारखा निघण्याची शक्यता निम्मी. हे तू आईला शांतपणे सांगत होतीस. मग तुझा आवाज चढला. "गेणूमामाला तू पाठीवर घेऊन हिंडलीस. तुझा सख्खा भाऊ सतराव्या वर्षी श्वास कोंडून गेला, ते तू डोळ्यांनी बघितलंस. आणि तरी माझ्या पाठीवर दुसरं मूल होऊ दिलंस? भरतनं काय घोडं मारलं होतं तुझं?"

आईनं ताट खाली ठेवलं, तेवढाच आवाज आला.

मी बाहेरच्या खोलीत होतो. कपाळावर माशी बसली होती आणि ती उडवायला हात वर जात नव्हता. तू भांडत होतीस ती माझ्या बाजूनं, हे मला कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं. माझीच बाजू घेऊन तू म्हणत होतीस की मी नसतो तर बरं झालं असतं.

आता तू मला सरळ विचारलंयस. "खरं सांग, तू जन्मला नसतास तर बरं झालं असतं का? तुझ्याशिवाय हे मी कुणाला विचारू?"

ताई, मला नको विचारूस. मी 'हो' म्हणालो तर तू एक करशील, 'नाही' म्हणालो तर दुसरं. मला पाण्याचा तांब्या उचलत नाही, आणि हे मी उचलू?

पुढचे काही दिवस मी लिहिणार नाही.

भरत


८ डिसेंबर २०२४

ताई,

तुला उत्तर देण्याआधी म्हटलं, आईला विचारावं. तू तिला विचारलंस ते रागानं. मी तोच प्रश्न साधेपणानं विचारला. ती माझ्या खुर्चीजवळ बसून मेथी निवडत होती.

"आई, मला का जन्माला घातलंस?"

"ह्ये काय इचारनं झालं? च्या टाकू का?"

"च्या नको. ताईनं विचारलं तेच मी विचारतोय."

ती बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली. मला वाटलं, आता उठून जाईल. पण बोलली. तिच्याच शब्दांत लिहितो.

"तवा ह्ये रक्ताबिक्ताचं कुनाला कळत व्हतं? डॉक्टर म्हनला व्हता, घरान्यात असतंय. म्हंजी मला ठावं व्हतं बी आन नव्हतं बी. तुझ्या वक्ताला दिवस ऱ्हायले, तवा मी म्हायेराला गेले. माझी आय गोठा सारवत व्हती. म्हनलं, आये, गेणूसारखा झाला म्हंजी काय करू? गेणूला जाऊन तवा लई वर्सं झाली व्हती. आयनं वर बघितलं न्हाई. सोताचंच नाव घिऊन म्हनली, 'साळुबाईचा गेणू वाईट व्हता का?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? वाईट न्हवताच त्यो. माझ्या पाठीव बसून गानी म्हनायचा. शाळंला जाताना म्हनायचा, आक्के, मी तुझं दप्तर हाये. भरत, खरं सांगू का? गेणूसारखा हुईल म्हनून भ्या वाटायचं. आन गेणूसारखा हुईल म्हनून बरं बी वाटायचं."

ताई, मी गेणूमामाचा एकच फोटो बघितलाय, घोडेगावच्या जत्रेतला. त्यात तो आईच्या कडेवर आहे आणि कडेवर घेण्याच्या वयाचा अजिबात दिसत नाही. मला तो नेहमी एखाद्या इशाऱ्यासारखा वाटत आला होता. तो कुणाला परत हवा होता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी आईला म्हणालो, "नंतर कधी वाटलं का, नको होता हा?"

ती म्हणाली, "वाटलं. तू पळता पळता पडायला लागलास, तवा वाटलं. दोन वर्सं देवळाची पायरी चढले न्हाई मी. पर त्ये तुझ्यासाटी वाटलं. माझ्यासाटी कदी न्हाई वाटलं."

मग ती मेथी धुवायला उठून गेली.

तिनं हे तुझ्यासाठी सांगितलेलं नाही. मी कळवतोय हे तिला माहीतही नाही.

भरत


१५ डिसेंबर २०२४

ताई,

बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी या आठवड्यात आहे, असं दाजी म्हणाले. तेव्हा आता लिहायला हवं. एका अंगठ्यानं लिहितोय, हा मेल पुरा व्हायला वेळ लागणार आहे.

आधी एक गोष्ट. मागं मी तब्येत चांगली आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. दिवाळीच्या आधीपासून आडवं झालं की दम लागतो. नारायणगावच्या डॉक्टरांनी झोपताना नाकावर लावायचं मशीन दिलंय. तू आली होतीस तेव्हा आईनं ते पलंगाखाली सरकवून ठेवलं होतं. सणाच्या दिवशी तुला ते दिसू नये, असं तिला वाटलं.

आता तुझा प्रश्न.

ज्या दिवशी अंग ठणकत असतं आणि कूस बदलायला तिसऱ्यांदा आईला हाक मारावी लागते, त्या दिवशी विचारशील तर मी म्हणेन, नसतो तर बरं झालं असतं. नववीचा वर्ग माडीवर गेला आणि माझी शाळा खालीच संपली, त्या दिवशी विचारलं असतंस तरी तेच म्हणालो असतो.

पण बैलगाड्याच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, त्या वर्षीची आपली यात्रा आठव. निवेदकाचा घसा बसला आणि पोरांनी मला खुर्चीसकट उचलून शर्यतीच्या घाटाच्या माथ्यावर, मांडवात नेऊन ठेवलं. हातात माइक धरवत नव्हता म्हणून तो खुर्चीला फडक्यानं बांधला. खालून बारी सुटली, गाडा धावत वर निघाला की धुरळ्यातून आधी फक्त शिंगं दिसायची, आणि मग मांडवाची फळी हादरायला लागायची. मी ओरडायचो आणि सगळा डोंगर माझ्या आवाजावर टोप्या उडवायचा. गाडा कुणाचा, बैल कुणाचे, मला सगळं पाठ होतं. त्या दिवशी मला पाय आहेत की नाहीत याची आठवणसुद्धा झाली नाही. संध्याकाळी तू म्हणालीस, "भरत्या, तुझा आवाज मंचरपर्यंत गेला असणार." त्या दिवशी विचारायला हवं होतंस.

तर ताई, जन्माआधी कुणी मला सगळं दाखवून विचारलं असतं, येतोस का, तर मी आलो असतो. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला यानं बरं वाटणारही नाही, मला कळतं.

पण माझं दुखणं माझ्या एकट्याच्या अंगात राहत नाही. मला उचलून उचलून अण्णांच्या पाठीला पट्टा लागला. आई सलग झोपलेली मी बघितलेली नाही. तुला कोल्हापूरला ॲडमिशन मिळत होती, ती तू सोडलीस. 'तिकडचं पाणी मानवत नाही' असं सगळ्यांना सांगितलंस. तिकडं तू गेलीच नव्हतीस, पाणी कधी प्यायलीस? आणि अण्णा थकले की मी तुझ्याकडं येणार, हे आपल्या घरात कुणी न बोलता ठरलेलं आहे. तुझ्या एका खोलीत मी असेन आणि दुसऱ्या खोलीत तुझं माझ्यासारखं मूल. तू हे आईशी बोलली नाहीस, मला लिहिलं नाहीस, बहुतेक दाजींनाही म्हणाली नसशील. पण तुझ्या मनात ते असणारच. माझ्या मनात तर पहिल्या दिवसापासून आहे.

म्हणून माझं उत्तर तुझ्या कामाचं नाही. आलेल्यानं 'आलो ते बरं झालं' म्हणणं वेगळं, आणि काय वाट्याला येणार हे माहीत असताना कुणाला आणणं वेगळं. आईला निम्मंच माहीत होतं. तुला पुरतं माहीत असणार आहे. तिचं ओझं तुझ्यावर नको आणि तुझा न्याय तिला नको.

तू काहीही ठरवलंस तरी तो माझा अपमान आहे असं मी मानणार नाही.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा पुसलं होतं.

भरत


५ जानेवारी २०२५

ताई,

दाजींचा फोन आला. त्याला आजार आहे, म्हणाले. त्यांच्या मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि गॅस बंद करायला कुणी उठत नव्हतं. तुम्ही बुधवारी दवाखान्यात जाणार, एवढं शेवटी त्यांनी सांगितलं.

मी घरात सांगितलं. अण्णा कांद्याला पाणी धरायला निघाले होते. चपला घालून निघाले, आणि मोटर चालू न करताच परत आले. आई आत गेली. थोड्या वेळानं तूप कढवल्याचा वास आला. आत डिंक तळायला घेतला होता, खोबरं किसून ठेवलं होतं, खारका फोडलेल्या होत्या.

मी म्हणालो, "आई, हे काय?"

"लाडू."

"अगं पण कशाला? मूल तर..."

ती माझ्याकडं वळली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर ओरडलेली मला आठवत नाही, पण त्या दिवशी ओरडली. "मूल येवो न्हाईतर न येवो. अंग तर बाळंतिनीचंच हाये ना? तिला दूद यील. कंबर धरल. तिला कुनी सांगितलंय का ह्ये? कोन बघनार तिला?"

अण्णा म्हणाले, "तिनं बोलावलंय का तुला?"

"मी इचारलेलंच न्हाई."

ताई, मी आजारी पडल्यापासून आई एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिलेली नाही. स्वतःच्या आईच्या दहाव्यालाही संध्याकाळच्या गाडीनं परत आली होती. आता ती राहायला येतेय. माझं करायचं सगळं तिनं अण्णांना शिकवलंय. कूस कशी बदलायची, मशीनचा पट्टा कानामागून कसा घ्यायचा, मला ठसका लागला तर छातीवर हात कुठं ठेवायचा. अण्णा मान डोलावतात आणि पुन्हा तेच विचारतात.

तुझ्या पोटात राग असेल. तिलाही लागलेलं आहे, तुझे शब्द ती विसरलेली नाही. पण मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं ती मंचरहून निघेल आणि दुपारपर्यंत तुझ्या दारात असेल. बेल कुठली दाबायची ते तिला कळत नाही, ती कडी शोधत बसेल.

दार उघड.

भरत


१९ जानेवारी २०२५

ताई,

"माझ्यावर रागावलास का?" एवढंच लिहिलंयस. तुझ्यावर नाही, नशिबावर रागावलो, असं लिहिणार होतो. तसं लोक लिहितात. पण आपल्यात आता पुष्कळ खोटं बोलून झालंय.

हो, रागावलो. तुझ्यावरच. बुधवारी दिवसभर आणि त्यानंतरही काही दिवस. मागं मोठ्या मनानं लिहून गेलो होतो की अपमान मानणार नाही, पण मनाला ते पत्र कुणी वाचून दाखवलं नव्हतं. माझ्यासारखाच होता म्हणून त्याला येऊ दिलं नाही, हे वाक्य मी कितीही फिरवून बघितलं तरी ते माझ्याकडंच तोंड करून उभं राहत होतं.

आणि आणखी एक. हे लिहायची लाज वाटते. मला तो हवा होता. माझ्या भल्यासाठी हवा होता. गेणूमामा मी जन्मायच्या आधी गेला. माझं अंग आतून कसं असतं, हे माहीत असलेलं माणूस मला या घरात कधी भेटलं नाही. तो आला असता तर आम्ही दोघं झालो असतो. त्याला पडताना बघून मी म्हणालो असतो, घाबरू नको, असं होतं. पण त्यासाठी त्याला पडावं लागलं असतं, ताई. एवढं कळल्यावर राग उतरला. दुःख नाही उतरलं. त्याला आता ते सगळं सोसावं लागणार नाही, हे मनात येऊन मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून पुन्हा रडू आलं. तुझंही असंच होत असेल. तुझं माझ्याहून जास्त.

आई फोनवर फार सांगत नाही. तू पहिले दोन दिवस भिंतीकडं तोंड करून होतीस आणि मग तिच्या मांडीवर डोकं ठेवलंस, एवढं म्हणाली. भाऊबीजेचं काही बोललात का, असं मी विचारलं. "बोलायचं काय त्यात?" म्हणाली. "तिच्या डोक्याला त्याल लावलं." मला वाटतं, तेच तुमचं बोलणं.

बुधवारचं अण्णांचं मात्र तुला सांगायला हवं. ते तुला कुणी सांगणार नाही, ते स्वतः तर नाहीच.

त्या दिवशी ते रानात गेले नाहीत. लागण अर्धी राहिली होती, बायका येऊन बसल्या होत्या, त्यांना परत पाठवलं. मला ओट्यावर आणलं, अंग पुसायला गरम पाणी घेतलं आणि माझ्या पायांशी बसले. दुपारी दाजींचा फोन येऊन गेला होता. अण्णांनी टॉवेल पिळला, पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला.

"आपल्यातला एक गेला, भरत," म्हणाले.

मी म्हणालो, "अण्णा, तो जन्मला कुठं होता?"

"आरं, पर व्हता ना."

त्यांनी माझे पाय पुसले, बोटांच्या बेचक्या पुसल्या, आई पुसते तशा. मग वर न बघता विचारलं, "तुझ्यासारखाच व्हता म्हनं?"

"हो."

"मंग लई ग्वाड असंल," अण्णा म्हणाले. बादली उचलली आणि गोठ्याकडं गेले. पाणी ओतून यायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते आत होते. मी हाक मारली नाही.

ताई, मला तेवीस वर्षांत त्यांनी असलं काही म्हटलेलं नाही. मला म्हणाले की त्याला, ते मला अजून कळलेलं नाही.

आई शुक्रवारी निघते म्हणाली. तिच्याबरोबर तू ये. दाजींनाही आण, ते मनात ठेवून बसणारे आहेत, त्यांनी एकटं राहू नये. इथं कुणी तुला काही विचारणार नाही. आळीतल्या बायका विचारतील, त्यांना काय सांगायचं ते आई बघून घेईल. तुला बोलायचं नसेल तर माझ्याजवळ नुसती बस. सगळ्यांनी मिळून एकदा त्याच्यासाठी रडून घेऊ आणि मग जेवू. अण्णा भाकरी करायला शिकलेत. ती मोडायला दोन माणसं लागतात.

तुझा भाऊ, आणि थोडे दिवस त्याचा मामा,
भरत